तुमचं नसीब

आदिलाबादच्या आमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला दुसऱ्याचं सगळंच बरं दिसायचं. माझा पंखा जास्त फिरतो, माझी खुर्ची कमी करकरते, माझ्या कपातला चहासुद्धा जास्त गोड! वर प्रत्येक वेळी तोच सुस्कारा, "तुमचं नसीब हाय, सार. आमचं काय!"

त्याची बायको तामसीहून दुपारच्या बसनं ड्रायव्हरच्या हाती डबा पाठवायची. उघडला की ज्वारीची भाकर अजून गरम, सोबत अंबाडीची भाजी. माझ्या डब्यात खानावळीचा गार भात आणि पातळ वरण. तरी हा पाहणार माझ्याच डब्याकडे. "रोज भात खाता तुमी. साहेबलोकायचं जेवण!"

एके दिवशी माझं डोकंच फिरलं. "घ्या, हे नसीब आज तुमीच खा," म्हणत मी डबे बदलले.

चार घास गिळून तो थांबला. मी भाजीत भाकर मोडत होतो. माझ्या घासाकडे बघत त्यानं सुस्कारा सोडला.

"तुमचं नसीब हाय, सार. घरची भाकर भेटते तुमाले!"