आबांचा कांदा आणि माझा हप्ता

शिरूरमधला माझा फ्लॅट कर्जाचा आहे आणि न्हावऱ्यातली माझ्या चुलत्यांची, आबांची, कांदा साठवायची चाळ स्वतःच्या पैशाची. या दोहोंचा काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. देशाच्या मध्यवर्ती बँकेला मात्र तो बरोबर ठाऊक होता.

मुंबईत सहा शहाणी माणसं बैठक घेतात आणि बँकांना किती व्याजानं पैसे द्यायचे ते ठरवतात. महागाई चढली की व्याज वाढवायचं, म्हणजे लोक हात आखडता घेतात, असा त्यांचा हिशेब. ते वाढलं की माझा हप्ता लगेच वाढतो. उतरलं की ती बातमी माझ्या बँकेपर्यंत बहुधा बैलगाडीनं येते. यंदा व्याज उतरणार अशी हवा होती. उतरलं की रविवारचा ओव्हरटाइम बंद, असा शब्द मी बायकोला देऊन बसलो होतो.

त्या दिवशी आबा आमच्याकडे जेवायला होते. टीव्हीवर त्या सहांतले मोठे साहेब म्हणाले, भाजीपाला महाग आहे, कांदा तर फारच, तेव्हा व्याज जैसे थे.

माझं डोकंच फिरलं. कांदा मातीमोल जातो तेव्हा यांच्यातला एकही जण बैठकीला बसत नाही. चार पैसे सुटायला लागले की लगेच देशावर संकट!

आबांनी घास खाली ठेवला. "म्हंजी माझ्या कांद्यापायी तुझा हप्ता उतरंना व्हय?"

"तुमच्या एकट्याच्या नाही हो आबा, सगळ्या देशाच्या."

"पर माझा बी हाय की त्यात."

पुढच्या बैठकीआधी त्यांचा फोन आला. भाव अजून चढणार हे अख्खा गाव सांगत असताना त्यांनी चाळ झाडून कांदा विकून टाकला होता. "आता उतरंल बघ. रविवारी घरी बस," म्हणाले. वजनकाट्यावर एक किलोसाठी भांडणारा हा माणूस! हसावं की रडावं कळेना. खरं तर रडूच येत होतं.

बैठक झाली. व्याज जैसे थे, कारण भाजीपाला. मी भीतभीतच आबांना फोनवर सांगितलं. ते भडकलेच.

"म्हंजी अजून कुणीतरी चाळ दाबून बसलंय! थांब, शेजारच्या आप्पाला इचारून येतो."