काकणांची जोडी

चोविसाव्या वर्षी मला सगळं येत होतं. शिकारी पक्ष्यांची शास्त्रीय नावं पाठ, गळ्यात उसनी दुर्बीण, डोक्यावर काकांची भलीमोठी टोपी. डिचोलीच्या बसस्टँडवर लोक मला सर्कशीतली समजत. मी स्वतःला शास्त्रज्ञ समजे.

प्रबंधाचा विषय होता समुद्रगरुड. सरांनी बजावलं होतं, “महिनाअखेर एक तरी नांदतं घरटं दाखव. नाहीतर विषय बदल, कोंबड्यांवर कर.”

समुद्रकाठच्या केरी गावात पोचले त्याच दिवशी, घरापुढे बांगडे वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, “आज्ये, हंय गरुड खंय रवता?”

“गरुड? तो देवळात गे, देवाच्या पायांकडे.” तिने मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. “हंय काकणांची जोडी आसा. जाय जाल्यार दाखयतां.”

हवी तर दाखवते म्हणे! तिच्या हातांत हिरव्या बांगड्या. काकणं म्हणजे काय, हे का मला कळत नव्हतं? बाई एकतर काकणं विकत असणार, नाहीतर घरात लग्नाचा मुलगा असणार.

“माका नाका काकणां,” मी ताठ मानेने म्हटलं. “माका शिकपाचां आसा.”

म्हातारी हसून हसून खाली बसली.

मग तीन आठवडे मी सुरूच्या बनात आणि तेरेखोल नदीच्या काठाने हिंडले. गरुड रोज डोक्यावरून पांढरं पोट दाखवत जायचा. घरटं मात्र दिसेना. शेवटच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणि घशाला कोरड, म्हणून तिच्याच अंगणात पाणी मागायला गेले. तांब्या तोंडाला लावते तोच धप्पकन पायाशी अर्धवट खाल्लेला समुद्रसाप पडला. मी किंचाळले. टोपीही पडली.

“भिया नाका गे,” म्हातारी मान वर न करता म्हणाली. “काकणान उडयलो.”

“कोणी?”

“काकणान. वर पळय.”

मी वर पाहिलं. घरामागच्या आंब्यावर खाटेएवढं काटक्यांचं घरटं होतं. कडेला नर-मादी, मध्ये पिल्लाचं तपकिरी डोकं. गावात समुद्रगरुडाला काकण म्हणतात, हे माझ्या एकाही पुस्तकाला ठाऊक नव्हतं.

जोडी काटक्या कधी आणते, पिल्लं कधी उडतात, सगळं म्हातारीने सांगितलं आणि मी मुकाट्याने लिहून घेतलं. पुढची माझी सगळी नोकरी त्या आंब्यापासून सुरू झाली.

“आता जाय मगे काकणां?” तिने विचारलं.

“जाय,” म्हटलं, आणि ऐटीत टोपी उचलायला वाकले. खाली साप होताच.