कांदाचाळीतली कॉफी

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. हजर : माझ्या मोठ्या नणंदबाई, सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेली सीताबाई, दिंडोरीजवळच्या एका हॉटेलचे मॅनेजर, मी आणि कॉफीची बरणी. कामाची सुरुवात मी हजेरीनंच करते. आणि या हजेरीत पहिलं नाव ज्यांचं आहे, त्या आमच्या ताईंइतकी झाडांची भीड बाळगणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

ताई निवृत्त शिक्षिका. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहतात. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रेला जातात; ताई सुरगाण्याच्या डोंगरात गेल्या आणि कॉफीची रोपं लावून आल्या. कॉफीला सावली लागते. म्हणून पाड्यावरच्यांनी उतारावरची जांभळं, उंबर, हिरडे तोडून टोमॅटो लावायचे नाहीत आणि ताईंनी त्यांच्याकडून कॉफीचं प्रत्येक पिकलं फळ विकत घ्यायचं, असं तोंडी ठरलं. तेव्हापासून पाड्यावर गेल्या की ताई आधी झाडांची विचारपूस करतात. "उंबर कसा आहे गं?" "उंबर बरा हाय," सीताबाई सांगते, "माझा गुडघा लय दुखतोय, त्यालाबी इचारा कधी." जांभळीला टेकायचं झालं तर ताई चपला काढून टेकतात. घरी मात्र ही भीड दिसत नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे निम्मं दूध, साखर आणि वर जायफळ. ताई पाहुण्यांच्या हातात कोरी कॉफी देतात आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा त्यांचा चेहरा तपासत समोर उभ्या राहतात. जायफळाची किसणी त्यांनी कुठे लपवली ते कुणालाच सापडलं नाही. पाडव्याचं श्रीखंड आम्ही तसंच खाल्लं.

तर गेल्या वर्षी बिया छान वाळल्या आणि ताईंनी सगळी पोती कळवणला चुलतभावाच्या कांदाचाळीत नेऊन ठेवली. आम्ही मूळचे कळवणचे. जपून ठेवायची वस्तू म्हटली की आम्हाला चाळच आठवते : हवा खेळती, वर पत्रा, खाली ओल नाही. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्या रविवारी हॉटेलसाठी कॉफी चाखायला आमच्या घरी आलेल्या मॅनेजरांनी एक घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. "ताई, आत काही फोडणीला टाकलंय का?" काहीच टाकलं नव्हतं. ताईंनी आपला कप नाकाशी धरला. "कांदा आहे," म्हणाल्या. "ही तुम्हाला देणार नाही." माणूस भला. पुढच्या हंगामाची आणा, आवडली तर सगळी घेतो, म्हणाला. तो गेल्यावर सीताबाईने सगळे कप विसळून पालथे घातले. मग म्हणाली, "ताई, तुमी फळं घेतली, आमचं काय गेलं नाय. पण फुडं घेणाराच नसला तर तुमी तरी किती दिस घ्याल? पोरं टोमॅटोचं म्हणत्यात. कॉफीची अजून एक तोडणी होईस्तो थांबवते त्यांना. मग जांभळी माझ्या हातात नाय."

दुसऱ्या दिवशी किसणी आपोआप ओट्यावर आली. ती कांद्याची कॉफी आम्ही जायफळ घालून पितोय. अजून संपलेली नाही. नवी पोती ताईंच्या खोलीत आहेत आणि ताई हॉलमधल्या दिवाणावर. चातुर्मासात कांदा सोडणारी घरं मला माहीत आहेत; आमच्या घरी कॉफीचा चातुर्मास फाल्गुनातच लागला. माझे यजमान कोपऱ्यावरच्या गाड्यावर कांदाभजी खातात, चूळ भरून येतात, तरी ताई त्यांना जिना चढू देत नाहीत.

रोज सकाळी मूठभर बिया माझ्या नाकाशी येतात. "सुरेखा, खरं सांग."

"काही वास नाही, ताई."

"तू कळवणची सून. तुला कांद्याचा वास काय कळणार?"

परवा सीताबाईचा फोन आला. ताईंनी या वेळी आधी गुडघ्याचं विचारलं. मग हळूच जांभळीचं. मोहोरली आहे, म्हणाली सीताबाई. फोन ठेवल्यावर ताई पुन्हा वर जाऊन पोत्यांपाशी बसल्या.

माझ्या यादीत आता एकच काम उरलंय : मॅनेजरांना फोन. त्यांचा नंबर ताईंकडे आहे, आणि मागितला की त्या म्हणतात, "उद्या."