जिन्यात खालची बाजू

नाशिक रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये आमचं लोखंडी कपाट दोन हमालांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्यातल्या वयस्कर हमालाचं नावही मी विचारलं नाही. त्याच्या जोडीदाराच्या पाठीत उसण भरली होती. त्यामुळे प्रत्येक वेळी हा बैलाला थोपटावं तसं कपाटाला थोपटायचा आणि मुकाट खालच्या बाजूला जायचा.

मी आणि मेव्हणा मागून बोलत चढत होतो. "जास्त कमावतो म्हणून मी जास्त दरानं कर का भरायचा? सगळ्यांना एकच दर लावा की!" मी तावातावानं म्हणालो.

दुसऱ्या मजल्यावर दम खाताना तो वयस्कर हमाल घाम पुसत म्हणाला, "साहेब, जिन्यात खालच्यावर लय वजन येतं. म्हणून ज्याच्यात जोर हाय, त्यानं खाली राहायचं. त्याशिवाय कपाट वर जात नाय."

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही कुठे इन्कम टॅक्स भरता?" मी फटकन बोललो. मेव्हणा हसला. हमालानं नुसतं कपाट थोपटलं आणि पुन्हा खाली जाऊन उभा राहिला.

रिटर्न भरायला बसलो की अजून तो जिना आठवतो. त्या दिवशी तिथे सगळ्यांत धडधाकट मीच होतो, आणि माझे दोन्ही हात खिशात होते.