न कापलेलं त्रैमासिक

प्राध्यापक शिवयोगी कलशेट्टींना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे सरकारनं त्यांचं काहीतरी कापावं. एखादा शब्द, एखादा परिच्छेद, जमल्यास आख्खा लेख.

ही हौस काही जन्मापासूनची नव्हती. कलशेट्टींचं कापडाचं दुकान सात रस्त्याजवळ. घरातले बाकीचे सगळे गिऱ्हाइकाशी मराठीत आणि एकमेकांशी कन्नडमध्ये बोलत मीटरवर कापड फाडत. शिवयोगी तेवढे शिकले, राज्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९७२ साली कुणी मागितलं नसताना ‘वृत्त-सत्ता-विमर्श’ नावाचं त्रैमासिक काढून बसले. विषय, वृत्तपत्रं आणि राजकारण. दुष्काळाचं साल होतं, त्यामुळे आणखी एका संकटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

अग्रलेख ते लिहीत, लेख ते लिहीत आणि मागच्या अंकातल्या लेखांचा परखड समाचारही टोपणनावानं तेच घेत. तिसऱ्या वर्षापर्यंत हा वाद इतका पेटला की ते काही दिवस स्वतःवर खरोखर नाराज होते. वर्गणीदार म्हणजे कॉलेजचं ग्रंथालय, धारवाडचे एक मावसभाऊ, आणि छापखान्याचे मालक मल्लप्पा, ज्यांना नाही म्हणता आलं नव्हतं.

मग आणीबाणी आली. छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा असा हुकूम निघाला. पुण्यामुंबईच्या नियतकालिकांत काय काय कापलं गेलं, हे छापता येत नसल्यामुळे तोंडोतोंडी सगळीकडे कळू लागलं. परिसंवादांना जमलेले प्राध्यापक चहाच्या वेळी आपापले कापलेले परिच्छेद सांगत, लोक ऑपरेशनचे टाके दाखवतात तसे. शिवयोगी बिस्किट बुडवत ऐकत राहात.

त्यात घरी अप्पा होते. शिवयोगींचे वडील ईश्वरप्पा यांनी १९३० चा मार्शल लॉ अंगावर घेतला होता. तेव्हा सोलापुरात गांधी टोपी घालणं हाच गुन्हा होता. पोलिसानं टोपी काढ म्हटलं, ईश्वरप्पांनी काढली नाही, आणि त्यापायी ते तुरुंगात जाऊन आले. तेव्हापासून टोपी जेवतानाही डोक्यावरच असे. त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात पिकलेलं गळू होतं, म्हणून त्यांना ती काढवेना, अशीही एक हकिगत शिवयोगींच्या आई शांतम्मा भाकरी थापताना सांगत. पण ती हकिगत स्वयंपाकघराबाहेर कधी गेली नाही.

“एनो शिवा, काय रे,” ईश्वरप्पा रोज जेवताना विचारत, “कापलं का काही?”

“अजून नाही, अप्पा.”

“बघ. घराण्याचं नाव हाय.”

सेन्सॉरचं टेबल एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत होतं आणि त्यामागे कुंडलिकराव बसत. ते मूळचे मोहोळचे. आधी गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. हे पद मिळाल्यावर त्यांनी पदरचे पैसे घालून एक लाल पेन्सिल घेतली आणि तिला टोक काढताना ते कुणी बघतंय ना, हे बघत. चोख माणूस, पण आपण चोख आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

आणीबाणीतल्या पहिल्या अंकाची प्रुफं त्यांनी ओठ हलवत वाचली आणि प्रत्येक पानावर ‘आक्षेप नाही’चा शिक्का मारून परत दिली. शिवयोगींचा चेहरा पडला.

“पान बारा वाचलंत का?”

“दोनदा वाचलं की.”

“त्यात ‘सत्तासंरचनेच्या वृत्तनियामक आकांक्षांचे अंतर्विरोधी आविष्करण’ असं म्हटलंय.”

“व्हय. लई भारी हाय.”

शिवयोगींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “म्हणजे सरकार वृत्तपत्रांचं तोंड दाबतंय.”

“मग तसं लिव्हलंय कुटं?” कुंडलिकरावांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. “सर, तुमच्या मनात काय हाय ते कापायला मला पेन्सिल दिलेली न्हाय. कागदावर आलं तर कापीन. च्या घेनार?”

चहा पिऊन शिवयोगी बाहेर पडले. पुढच्या खेपेला त्यांनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा पुडा नेला आणि निदान एक ओळ तरी कापा, असं सुचवून पाहिलं. कुंडलिकरावांनी पुडा बोटानं परत सरकवला.

“मजकूर सोडावा म्हनून लोकं वशिला लावत्यात, ते एक समजतं. कापावा म्हनून? मी वशिल्यानं कापनारा मानूस न्हाय.”

त्याच्या पुढच्या खेपेला पाहुण्यासोयऱ्यांत ओळख निघते का ते पाहिलं, तीही निघाली, पण उपयोग शून्य. अंकामागून अंक अखंड सुटत राहिले. देशात इतका अव्यंग छापला गेलेला सरकारविरोधी मजकूर दुसरा नसेल. धारवाडच्या मावसभावानं तर अंक बाळबोध वळणाचा झाल्याबद्दल अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. त्यानं अंक उघडला नव्हता, हे उघड होतं.

अखेर शिवयोगींनी ठरवलं, साधंच लिहायचं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी प्रुफाच्या समासात, कापडाच्या ताग्यावर कागद ठेवून लिहिलं: ‘हे सरकार लोकांना घाबरतं, म्हणून ते लोकांना घाबरवतं.’

वाक्य वाचून त्यांना घाम फुटला. इतकं उघडं वाक्य त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. समोरून एक पोलीस सायकलवरून आला आणि बनियनचा भाव विचारायला थांबला. शिवयोगींनी दिला तो पडेल भाव ऐकून तो खूश होऊन गेला. मग त्यांनी निळ्या शाईनं त्या वाक्यावर एक रेघ मारली, आणखी एक मारली, आणि वर लिहिलं: ‘सत्ता आणि भय यांचा संबंध द्वंद्वात्मक असतो.’

कुंडलिकरावांनी त्या पानावर नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला. पान उजेडाकडे धरलं. मग शिक्का मारला आणि त्या दिवशी चहा मागवायला विसरले.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. सात रस्त्यावर पेढे वाटले गेले. पावणेदोन वर्षं गप्प असलेले लोक आपण काय काय बोललो होतो ते सांगू लागले. शिवयोगींनीही लगोलग विशेषांक काढायला घेतला आणि त्यात ‘वृत्त-सत्ता-विमर्शचा इतिहास’ असा मोठा लेख लिहिला. त्याची पहिली ओळ होती: ‘त्या काळ्या दिवसांत हे त्रैमासिक निर्भयपणे उभे राहिले.’ पहिल्यांदाच त्यांनी सोपं लिहून ते तसंच ठेवलं होतं आणि पहिल्यांदाच त्यांना ते आवडलं होतं.

प्रुफं घेऊन त्यांचे पाय सवयीनं कचेरीकडेच वळले. कुंडलिकराव टेबलाचा खण रिकामा करत होते. त्यांना परत त्रिकोणांवर पाठवणार होते.

“आता कशाला आनलंत, सर? अधिकार न्हाय मला.”

“निरोप म्हणून वाचा. तुमच्याइतकं हे कुणी वाचलेलं नाही.”

हे खरंच होतं, आणि म्हणताना शिवयोगींना गहिवरून आलं. कुंडलिकरावही सुखावले. त्यांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत पहिली ओळ वाचली. मग खणातून लाल पेन्सिल काढली. इतक्या दिवसांत टोक काढून काढून ती बोटभर उरली होती, पण कागदाला अजून लागली नव्हती. पट्टी लावून त्यांनी त्या ओळीवर सरळ लाल रेघ मारली.

“हे काय केलंत?”

“कापलं.”

“आणीबाणी उठलीय, कुंडलिकराव. आता काय आक्षेप असणार?”

“सरकारला काय बी न्हाय. मला हाय.” त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. “कापन्याजोगं एकच वाक्य आलंवतं तुमचं. सरकार घाबरतं, आसलं काय तरी. मी पेन्सिल उचलली बी हुती. बघतो तर माज्या आदीच तुमी कापलेलं. मग निर्भय कोन हुतं? मी तर नोकरीत हुतो.”

शिवयोगींना संताप आला. भिंतीवर त्रिकोण रंगवणाऱ्यानं आपल्याला हे सांगावं? तो संताप सात रस्त्यापर्यंत टिकला. तिथे पेढेवाल्याच्या दुकानासमोर तो उतरला आणि मागे नुसती लाज उरली. ओळ परत घालायला त्यांना कुणी अडवणार नव्हतं. छापखान्यात मल्लप्पांनी विचारलं, या जागी काय घालायचं? शिवयोगी म्हणाले, काही नको, मोकळी ठेवा.

विशेषांक तसाच निघाला, इतिहासाच्या डोक्यावर एका ओळीची पांढरी जागा घेऊन. लोकांना वाटलं, छपाईचे खिळे पडले असतील.

त्या दिवशी जेवताना ईश्वरप्पांनी सवयीनं विचारलं, “एनो शिवा, कापलं का काही?”

“कापलं, अप्पा.”

म्हातारा ताठ बसला. “आता? काय कापलं रे?”

“आम्ही भ्यालो नाही, असं लिहिलं होतं. तेवढंच कापलं.”

शांतम्मांचा भाकरीवरचा हात थांबला. ईश्वरप्पांनी सावकाश टोपी काढून मांडीवर ठेवली. टकलाच्या मधोमध पावलीएवढा जुना वण होता. शिवयोगींनी तो प्रथमच पाहिला.

“वाढ गं,” ते शांतम्मांना म्हणाले, आणि त्या दिवशी उघड्या डोक्यानं जेवले.