अर्जदार कप्तान

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकाला निम्म्या कपावर सांगायला गेलो तर त्याला ठसका लागला आणि माझा धुतलेला शर्ट वाया गेला. आणि हो, हसायचं ते शेवटी. मधेच हसलात तर मी कांद्याच्या भावावर बोलायला सुरुवात करीन, मग बसा!

गाढवपणा माझाच आहे, हे आधीच कबूल करतो. वाटेकरी शोधायचा लई प्रयत्न केला, पण कोणी मिळालं नाही.

तर आमचा एक क्लब आहे. शिडाच्या बोटींचा. बोटींचा म्हणजे, बोट एकच आणि सभासद तीन. येडगावच्या धरणात ती चालते. चालते म्हणजे, वारा असला तर.

बोट आणली कासमभाईंनी. जुन्नरचा माणूस, पण सगळा जन्म जहाजांवर खलाशी म्हणून गेला. निवृत्त होऊन आले ते मुंबईहून एक जुनी फायबरची बोट टेम्पोवर टाकूनच. मंचरला कांद्याच्या ट्रकांमध्ये टेम्पो दोन तास अडकला होता. जो तो खिडकीतून डोकं काढून विचारी, "राव, पूर यायचाय का काय?" कासमभाई शांतपणे सांगायचे, "सांगता येत नाही भाई. तयारी असलेली बरी."

दुसरे सभासद दत्ता मास्तर, महाळुंगे पडवळचे. शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. तिसरा मी.

कासमभाईंना सगळं येतं, म्हणून ते खलाशी. मास्तरांचं अक्षर चांगलं, म्हणून ते चिटणीस. मला यातलं काहीच येत नाही, पण आवाज मोठा आहे, म्हणून मी कप्तान! याच कारणानं मी आमच्या गावच्या पाणी वापर संस्थेचा अध्यक्षही आहे. आमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्यावर. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून कालव्याला पाणी आलं, तरच आमचा कांदा जगतो. ही दोन पदं लक्षात ठेवा. एका माणसानं दोन्ही भूषवू नयेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमची सुट्टी कॅलेंडरवर नसते. कांद्याची लागण उरकली, पहिली दोन पाणी दिली, की सुट्टी. तेव्हा क्लबाची वार्षिक सफर निघते, शुक्रवार ते रविवार. यंदाच्या सफरीला मात्र खास कारण होतं. माझी बायको शालन बोटीत बसणार होती.

तिचं माहेर येडगावच्याच काठाचं. ती सात-आठ वर्षांची असताना धरण भरलं आणि त्यांचा मळा पाण्याखाली गेला. मळ्यात विहीर होती, तिच्या वडिलांनी, आण्णांनी, स्वतःच्या हातानं खांदलेली. घर काठावर वर सरकलं, विहीर खालीच राहिली. एका दुष्काळात म्हणे चार दिवस उघडी पडली होती, पण तेव्हा शालन बाळंतीण, जायचं राहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, बाई कधी गुडघाभर पाण्यात उतरली नाही. आणि एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बोटीनं मला आमच्या हिरीवरनं न्याल का एकदा? वरनं एक नारळ सोडीन म्हनते. आण्णांच्या नावानं."

खरं सांगतो, पस्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली शिलाई मशीन होती, ती अजून द्यायचीय.

"न्हेतो की! कप्तान हाय मी!"

"तुमच्यावर न्हाई माझा भरवसा. कासमभाई असतील तर येते."

ठरलं. शुक्रवारी आम्ही तिघांनी बोट घेऊन निघायचं, तिच्या माहेरच्या काठाला लागायचं आणि रविवारी सकाळी शालननं गाडीनं तिथं यायचं. मी क्लबाचा नवा नियमही काढला, सफरीत फोन बंद. निसर्गात काय ते खणखण! मास्तरांनी तो सुवाच्य अक्षरात वहीत लिहिला.

शुक्रवारी वारा झकास होता. फक्त वाटेत सखाराम मच्छीमाराच्या जाळ्यात आमचा दोर अडकला आणि थोडी बोलाचाली झाली. म्हणजे मी बोललो. तो बिचारा जाळं सोडवत होता.

"पावनं, पान्यात जरा खाली बघून चालवा."

"कप्तान समोर बघतो!" मी म्हणालो. वाक्य कसं वाटलं? मला तेव्हा लई आवडलं होतं.

संध्याकाळी शालनच्या माहेरच्या काठाला लागलो. बोट काठाजवळ उथळ पाण्यात उभी केली. कासमभाई दोर बांधायला निघाले, तर मी म्हणालो, "थांबा, आज गाठ मी मारणार." उंबराच्या मुळीला अशी गाठ मारली, अशी मारली, की विचारू नका. रात्री झोपायला मात्र माझा मेव्हणा पांडुरंग याची मळ्यातली पत्र्याची खोली. आमच्या मुलखात उघड्यावर तंबू ठोकायचा म्हणजे बिबट्याला डबा पोचवण्यासारखं आहे.

शनिवारी वारा पुरता पडला. त्यामुळं बोट हलवायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर पत्ते खेळलो. दुपारी मी आणि मास्तर काठाकडे चक्कर मारून आलो. बोट जागच्या जागी, इकडे नाही की तिकडे नाही. हात लावून ढकलून पाहिली, तरी ढिम्म!

"बघा मास्तर! याला म्हणतात गाठ. कासमभाईंची गाठ असती तर बोट अशी डुलत राहिली असती."

मास्तर म्हणाले, "जरा जास्तच स्थिर वाटते नाही?"

"स्थिरच पाहिजे! उद्या बाईमाणूस बसायचंय."

रविवारी सकाळी आठला शालन आली. नवं लुगडं, हातात नारळ, पिशवीत मासवडीचा डबा. पाठोपाठ पांडुरंग, त्याची बायको आणि निम्मी वस्ती. शालनचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता, तरी आली. मी रुबाबात पुढे झालो. "चला, या माझ्यामागं!"

उंबराला वळसा घातला आणि बघतो तर काय?

बोट चिखलात! एका कुशीवर कलंडलेली. आणि पाणी? पाणी पार पन्नास पावलं लांब. मधे नुसता गाळ. दोर मात्र उंबराला पक्का होता. गाठ तसूभर सुटली नव्हती.

"अहो, पान्यात असती ना बोट?" शालननं विचारलं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे मला तसं वाटलं. "सखाराम! त्यानंच डाव साधला! रात्रीतून बोट वर वढून टाकली!"

कासमभाई म्हणाले, "कप्तान, आधी जरा बघू तर..."

"बघायचं काय त्यात? आठ माणसं आनली असतील त्यानं! पांडुरंगा, पोलीस पाटलाला बोलव!"

आवाज मोठा असण्याचा तोटा असा, की पाण्यावरून तो लांब जातो. पाचच मिनिटांत सखाराम स्वतःच होडी वल्हवत आला. गाळाच्या कडेला थांबला. सगळी वस्ती बघत होती. मी त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, मग म्हणाला, "पावनं, बोट वढली असती तर चिखलात फरपाटा नसता का दिसला?"

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. गाळ नुकत्या सारवलेल्या ओट्यासारखा सपाट.

"बोट वर न्हाई आली. पानी खाली गेलं. हितला काठ परातीवानी. टिचभर पानी उतरलं तरी पन्नास पावलं मागं जातंय."

दुसऱ्यानं माफी मागितली असती. मी काय केलं? राग तसाच ठेवला, फक्त माणूस बदलला!

"मग पानी सोडलं कुनी? ऐन सुट्टीत? न सांगता न सवरता?" खिशातून फोन काढला, चालू केला आणि कालवा निरीक्षकांना लावला. भल्या माणसाची आणि माझी जुनी ओळख. सगळ्यांना कळावं म्हणून स्पीकरही लावला. हो, मीच लावला.

"भाऊ! अहो हाय कुठं तुमी? शुक्रवारपासनं सात फोन केले, बंद लागतोय!"

"ते ऱ्हाऊ द्या! धरनातनं पानी सोडलंय का?"

"सोडलं की! परवाच्या संध्याकाळी सहाला गेट उघडलं. म्हनून तर फोन करत व्हतो. अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं? हितं आमचं वाटोळं झालंय! कोन तो अर्धवट, ज्याच्या सांगन्यावरनं पानी सोडलं? नाव सांगा त्याचं!"

पलीकडे निरीक्षकांनी आवाज खाली आणला.

"भाऊ, फोन स्पीकरवर हाय का?"

"हाय! सगळ्या गावाला ऐकू द्या!"

"मग काढा की स्पीकर."

"न्हाई काढत! नाव सांगा!"

कागद चाळल्याचा आवाज आला. मग निरीक्षक जड आवाजात वाचू लागले, "अर्जदार, अध्यक्ष, पाणी वापर संस्था..." आणि पुढे माझं नाव. बापाच्या नावासकट.

अहो, विसरलोच होतो मी! पंधरा दिवसांपूर्वी, लागण झाली त्या आठवड्यात, मीच गावभर सह्या गोळा करून अर्ज दिला होता. कचेरीत अर्ज देणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं. टाकला, आवाज ऐकला, घरी आलो. तो दगड पोहत वर येईल, असं कोणाला वाटणार?

कोणी हसलं नाही. तेच वाईट. नुसता सखाराम होडीत दुसरीकडे तोंड करून बसला आणि त्याचे खांदे हलत होते.

मी आवाज खाली आणला. "साहेब, दोन दिवस बंद करता येईल का? बोट निघंपर्यंत?"

"भाऊ, तुमच्याच अर्जातला चौथा मुद्दा वाचू का? ‘आवर्तन पूर्ण चाळीस दिवस चालवावे. ते कोणत्याही कारणास्तव, कितीही मोठ्या माणसाच्या दबावाला बळी पडून मध्येच बंद करू नये.’ आनि ‘कितीही मोठ्या’खाली दोन रेघा मारल्यात तुमी."

रेघा मारल्या होत्या. पट्टी घेऊन मारल्या होत्या.

मग आम्ही बोट ढकलली. दहा माणसं लागली, सखारामही लागला. बोट काही हलेना, माणसं तेवढी रुतत गेली. शेवटी कासमभाई म्हणाले, "कप्तान, तीस वर्षं जहाजावर होतो. वादळं पाहिली, आगी पाहिल्या. पण समुद्राला अर्ज करणारा कप्तान नव्हता पाहिला."

शालननं वहाणा काढल्या, लुगडं खोचलं, चिखल तुडवत बोटीपाशी गेली आणि आत जाऊन बसली. थोडा वेळ लांबच्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसले बोटीत. आता उतरू?"

नारळ तसाच परत पिशवीत गेला. मासवडी आम्ही बोटीतच खाल्ली, सखारामला धरून. त्याची माफीही मागितली, तोंडात घास असताना, म्हणजे नीट ऐकू जाऊ नये. घरी जाताना गाडीत शालन खिडकीतून बाहेर बघत होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं आयुष्यात दुसऱ्यांदा काही मागितलं आणि मी ते आपल्याच सहीनं वाहून घालवलं होतं.

पुढचे चाळीस दिवस पाणी चालू राहिलं. कांदा असा पोसला की बास! गावानं माझा सत्कार केला. मी शाल घेताना मान वर केली नाही, तर लोक म्हणाले, अध्यक्षांना गर्व नाही.

एरवी मध्येच कुणीतरी वजन वापरून गेट बंद करायला लावतो. यंदा पहिल्यांदाच आवर्तन पुरं चाललं. आणि शेवटच्या दिवशी पांडुरंगाचा फोन आला. "दाजी, ताईला घिऊन या. हीर उघडी पडली."

गेलो. आमची बोट होती तिथंच कलंडलेली, आत एक कुत्री व्यायलेली. बोटीवरून पुढे, भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. शालन पुढे, मी मागे. विहिरीचं दगडी तोंड, एका कडेला थारोळं, जिथं मोटेचं पाणी पडायचं. शालननं त्या दगडावरचा गाळ हातानं पुसला. तिथंच बसायची म्हणे ती, आण्णा मोट हाकायचे तेव्हा. लई वेळ बसली. मग नारळ वाढवला, हळद-कुंकू वाहिलं आणि डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"तुमच्या बोटीला न्हाई जमलं, पन तुमच्या अर्जाला जमलं बघा."

मी जो फुगलो म्हणता! म्हणालो, "मग पुढच्या वर्षीपन देतो अर्ज! हीच तारीख, पुरं चाळीस दिवस!"

"द्या. पन या वेळी मी सांगते तसा लिवायचा."

घरी आल्यावर मास्तरांना बोलावलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात चार मुद्दे उतरवले. पाचवा शालननं सांगितला. तो अर्ज आता कचेरीत आहे, खाली माझी सही आहे, आणि पाचव्या मुद्द्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा आहेत:

‘पाणी सोडण्यापूर्वी अर्जदारास त्याचाच अर्ज एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.’