चौथ्या मजल्यावरचं सातवं झाड

शेजाऱ्यांची पार्सलं माझ्या तळघरातल्या खोलीत साठतात, तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की पार्सलं न्यायला कोणीतरी येतं!

मी स्टुटगार्टमधल्या एका चढावरच्या इमारतीत हाउसमाइस्टर आहे. म्हणजे जिना पुसायचा, बल्ब बदलायचे, कचऱ्याचे डबे बाहेर काढायचे. बाबांच्या नोकरीमुळे लहानपणी इथे आलो, जर्मन जमेना, नववीत शाळा सुटली. चारचौघांत बोलायला मला अजून लाज वाटते. पण जिना पुसणाऱ्यासमोर लोक खुशाल बोलतात. चौथ्या मजल्यावरचे शिंदेकाका आणि काकू मागच्या वर्षी वोल्फ्सबुर्गला राहायला गेले. तेव्हापासून जिन्यात नुसताच साबणाचा वास येतो. मग ते गांजाचे दिवस आठवतात.

*

गांजाचा नवा कायदा आला तेव्हा घरमालक हेर ब्रांट मला म्हणाले, "नियम लिहून दाराशी लावा."

मला चार ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटतो. नीरज तिसऱ्या मजल्यावर राहतो, पीएचडी करतो. त्याला विनंती केली. त्याने अकरा पानं आणून दिली, तळटिपांसकट! शेवटी मीच चार ओळी उचलल्या: मोठ्या माणसांना प्रत्येकी तीन झाडं, मुलांच्या हाताला लागू द्यायची नाहीत, शेजाऱ्यांना वासाचा त्रास नको, जिन्यात ओढायचं नाही.

काकू भाजीची पिशवी हातात घेऊन थांबल्या, सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "गांजाची तीन झाडं चालतात. मी कठड्यावर चादर वाळत टाकली तर पत्र येतं!"

*

मुलांचं मैदान दिसत असेल तिथे गांजा ओढायचा नाही, असाही नियम आहे. काका गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचे, त्यांना सगळं तपासायची सवय. एका रविवारी ते मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहून कुठून काय दिसतं ते बघत कधी एक डोळा मिटत होते, कधी दुसरा. बाकावरच्या आया आपापल्या मुलांना जवळ घेऊ लागल्या.

काकूंनी खिडकीतून हाक मारली, "अहो, तुम्हाला ओढायचाय का?"

"छे गं! मी चहासुद्धा सोडलाय. पण हद्द माहीत असावी!"

*

तळमजल्यावरच्या फ्राउ लिंडनर ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी खरंच तीन झाडं लावली. मातीची पोती मीच उचलून दिली. झाडांना त्यांनी आपल्या तीन नवऱ्यांची नावं ठेवली होती.

आठवडाभर बहिणीकडे जाताना मला पाणी घालायला सांगून गेल्या. परत आल्यावर मी भीत भीत म्हणालो, "मधलं जरा सुकलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "तोही असाच होता!"

*

पुढचा किस्सा सांगताना अजून कान गरम होतात.

ब्रांट यांनी प्रत्येक बाल्कनीतली झाडं मोजून लिहून द्यायला सांगितलं. मी प्रामाणिकपणे मोजली. तळमजला, तीन. चौथा मजला, सात. हाताच्या बोटांसारखी पानं, अगदी फ्राउ लिंडनर यांच्या झाडांसारखी. काकूंना विचारायची लाज वाटली म्हणून तसंच लिहून दिलं.

दोन दिवसांनी काकू पत्र घेऊन तळघरात आल्या. शुक्रवारी मालक येणार, समाधान झालं नाही तर घर सोडावं लागणार.

"सागर, ही अंबाडी आहे रे! लातूरहून बी आणलंय. तू कधी खाल्ली नाहीस?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अरेरे. मग शुक्रवारी जेवायलाच ये."

*

शुक्रवारी दुपारी हेर ब्रांट आले. हातात घर सोडायची नोटीस होती. काका कायद्याची प्रत काढून बसले. "समजा, गांजाच आहे. तरी दोन मोठी माणसं, सहा झाडं."

"आणि सातवं?" ब्रांट म्हणाले.

त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, इराला, मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. ती सोफ्यावरून ओरडली, "दास इस्ट माइन्स!" ते माझं आहे!

काकांनी कपाळावर हात मारला. मला राहवलं नाही. खाली धावलो आणि फ्राउ लिंडनर यांना हात धरून चार मजले वर आणलं. त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं, हुंगलं, सरळ तोंडात टाकलं आणि डोळे गच्च मिटले.

"आंबट! हेर ब्रांट, मला यातलं कळतं. ही भाजी आहे."

तोवर काकूंनी ताटं वाढली होती. अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. मी पहिला घास घेतला. का कोण जाणे, मान वर करता येईना.

ब्रांट यांनी आधी काट्याने चाखली. मग काटा बाजूला ठेवून हाताने खाऊ लागले. दुसऱ्यांदा भाजी त्यांनी स्वतः मागून घेतली. जेवण झाल्यावर नोटीस फाडून चार तुकडे खिशात घातले, इराच्या झाडाची माफी मागितली, काकूंशी हात मिळवला.

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. दाराशी त्यांनी गाडीची किल्ली काढली. किल्लीकडे बघितलं. वर चौथ्या मजल्याकडे बघितलं. किल्ली परत खिशात ठेवली.

"हेर पवार," ते मला हळूच म्हणाले, "एस-बान, लोकल, किती वाजता आहे?"

त्यांची गाडी सोमवारपर्यंत आमच्या चढावरच उभी होती.